मौनाची जबाबदारी : अनोळखी पर्यायांकडे दुर्लक्ष करणाऱ्या लायब्ररी-फंक्शनांची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकासाठी प्रोग्राम लिहिणारी व्यक्ती प्रत्येक आज्ञा नव्याने लिहीत नाही. सरासरी काढणे, फाइल उघडणे, तक्ता आखणे, आलेख काढणे यांसारखी नित्याची कामे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या फंक्शनांकडून करून घेतली जातात. अशा फंक्शनांचा संग्रह म्हणजे लायब्ररी होय. काम एकच असले तरी ते करण्याच्या रीती अनेक असतात, म्हणून फंक्शनला मुख्य माहितीबरोबर काही पर्यायही देता येतात. ‘सरासरी काढ’ ही आज्ञा झाली. ‘रिकाम्या नोंदी वगळून काढ’ हा पर्याय झाला. पर्यायाला नाव असते, आणि ते नाव फंक्शनला ओळखता यावे लागते.

हे नाव ओळखता आले नाही तर फंक्शनने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. फंक्शनपुढे तीन मार्ग असतात. पहिला, काम थांबवून त्रुटी कळवणे. दुसरा, काम पुरे करून सोबत इशारा देणे. तिसरा, अनोळखी पर्याय मुकाट बाजूला ठेवून तो दिलाच नव्हता असे समजून उत्तर देणे. प्रचलित लायब्ररींत तिसऱ्या मार्गाने जाणारी फंक्शने मोठ्या संख्येने आढळतात. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. फंक्शन वापरणाराही नकळत हाच न्याय लावतो. तक्रार आली नाही, त्याअर्थी सूचना पोचली, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात सूचना पोचलेलीच नसते.

प्रस्तुत लेखात या मौनाची चिकित्सा केली आहे. मौन सर्वत्र सदोष आहे असे येथे प्रतिपादन नाही. काही क्षेत्रांत ते विचारपूर्वक स्वीकारलेले आहे आणि त्याने मोठे कार्यही केले आहे. मात्र त्या क्षेत्रांतील समर्थन लायब्ररी-फंक्शनांना जसेच्या तसे लागू करणे चुकीचे आहे, आणि उत्तराचा अर्थ ज्यावर अवलंबून आहे असा पर्याय गाळताना बोलणे ही फंक्शनचीच जबाबदारी आहे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

‘आर’ भाषेतील मौन

संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी ‘आर’ ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी विकसित केली. तिची १.० ही आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आणि मुक्त असल्याने अर्थशास्त्र, मानसशास्त्र, वनस्पतिशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा अनेक विद्याशाखांतील संशोधक ती वापरतात. यांपैकी बहुतेकांचा व्यवसाय प्रोग्रामिंग नसतो. त्यामुळे प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ही भाषा विशेष अभ्यसनीय ठरते.

‘आर’मध्ये सरासरीसाठी ‘मीन’ हे फंक्शन आहे. त्याला ‘ट्रिम’ नावाचा पर्याय देता येतो. टोकाच्या नोंदींमुळे सरासरी फसवी ठरू नये म्हणून दोन्ही टोकांकडील काही हिस्सा छाटून उरलेल्यांची सरासरी काढणे हे या पर्यायाचे काम. समजा २, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ६ आणि ९२ अशा दहा नोंदी आहेत. त्यांची साधी सरासरी १३ येते. परंतु दहापैकी नऊ नोंदी ६ किंवा त्याहून कमी असताना १३ हा आकडा त्या समूहाचे प्रतिनिधित्व करीत नाही. ‘ट्रिम’चे मूल्य ०.१ दिल्यास एक सर्वांत लहान आणि एक सर्वांत मोठी नोंद गळते व उरलेल्या आठ नोंदींची सरासरी ४.५ येते. आता पर्यायाचे नाव लिहिताना शेवटचा ‘एम’ चुकून दोनदा लिहिला गेला तर काय होते? फंक्शन थांबत नाही, इशाराही देत नाही. ते १३ हे उत्तर देते. ही साधी सरासरी म्हणून अचूक आणि छाटलेली सरासरी म्हणून पूर्णतः चुकीची असते. आकड्याकडे पाहून हा भेद ओळखता येत नाही, कारण दोन्ही उत्तरे सारख्याच रूपात पडद्यावर उमटतात.

येथे आणखी एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. याच फंक्शनला ‘ट्रिम’ऐवजी त्याची पहिली तीनच रोमन अक्षरे दिली, तर ते अर्धे नाव ओळखते आणि अपेक्षित काम करते. म्हणजे एक अक्षर कमी पडले तर ते समजून घेतले जाते, आणि एक अक्षर जास्त झाले तर संपूर्ण सूचनाच टाकून दिली जाते. दोन्ही वेळा वापरणाऱ्याला काहीही कळवले जात नाही.

‘सम’ या बेरजेच्या फंक्शनचे वर्तन याहून विलक्षण आहे. त्यात रिकाम्या नोंदी वगळण्यासाठी जो पर्याय आहे, त्याच्या नावात ‘एनए’ आणि ‘आरएम’ यांच्यामध्ये टिंब असते. इतर अनेक संगणकीय भाषांत नावे जोडताना टिंबाऐवजी अधोरेषा वापरतात. त्यामुळे त्या भाषांतून आलेल्या व्यक्तीकडून टिंबाच्या जागी अधोरेषा लिहिली जाणे स्वाभाविक आहे. १, २ आणि ३ या संख्यांसह असा चुकीच्या नावाचा पर्याय ‘सत्य’ या मूल्याने दिला असता ‘सम’ ७ हे उत्तर देते. कारण असे की, हे फंक्शन न ओळखलेल्या नावाकडे दुर्लक्ष करते, पण त्याचे मूल्य मात्र बेरजेसाठी दिलेली आणखी एक संख्या म्हणून स्वीकारते. आणि ‘आर’मध्ये ‘सत्य’चे अंकरूप १ आहे. ‘मीन’मध्ये सूचना हरवते, ‘सम’मध्ये सूचनाच विदेत मिसळते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे हे उघड आहे.

हे दोष रचनाकारांच्या निष्काळजीपणातून आलेले नाहीत. त्यामागे एक रचनात्मक कारण आहे. ‘आर’मध्ये एकाच नावाचे फंक्शन निरनिराळ्या प्रकारच्या विदेसाठी निरनिराळी कार्यपद्धती निवडते. ‘मीन’ संख्यांसाठी वेगळे वागते, तारखांसाठी वेगळे. उद्या कोणी नव्या प्रकारची विदा तयार करून तिच्यासाठी नवे पर्याय आणील, तर त्यांना जागा हवी. म्हणून फंक्शनच्या घोषणेत तीन टिंबांची एक मोकळी जागा ठेवलेली असते, आणि अन्यत्र न बसणारे सर्व काही त्या जागेत जमा होते. ही मोकळी जागा भाषेच्या विस्तारक्षमतेचे साधन आहे. परंतु तिच्यात जमा झालेल्या गोष्टी कोणी वापरल्या का, हे तपासण्याचे बंधन भाषेने कोणावरच घातलेले नाही. दोष मोकळ्या जागेत नसून या न घातलेल्या बंधनात आहे.

हे बंधन पाळता येते, याचे पुरावे ‘आर’मध्येच सापडतात. रेषीय प्रतीपगमनासाठीच्या ‘एलएम’ या फंक्शनला अनोळखी नावाचा पर्याय दिल्यास त्या अतिरिक्त आर्ग्युमेंटकडे दुर्लक्ष केले जाईल असा इशारा मिळतो. ‘आरलँग’ या पॅकेजमध्ये तर तीन टिंबांच्या जागेत आलेली प्रत्येक गोष्ट अखेरपर्यंत कोणी वापरली की नाही, हे तपासणारी फंक्शने उपलब्ध आहेत. सारांश, मौन ही तांत्रिक अपरिहार्यता नाही.

चाचणीच्या साधनातील मौन

‘पायथन’ या भाषेची मूळ वृत्ती कडक आहे. सामान्य फंक्शनला अनोळखी नावाचे आर्ग्युमेंट दिल्यास ती तत्काळ त्रुटी दाखवते. तथापि कोणत्याही नावाची कितीही आर्ग्युमेंटे स्वीकारण्याची सोयही तिच्यात आहे. तिचा वापर झाला की हा कडकपणा संपतो. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण प्रोग्रामची चाचणी घेण्यासाठी असलेल्या ‘मॉक’ या साधनात आढळते. हे साधन २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून पायथनच्या प्रमाणित लायब्ररीचा भाग आहे.

‘मॉक’ म्हणजे चाचणीपुरती खऱ्या वस्तूच्या जागी उभी केलेली नकली वस्तू. तिला कोणत्याही गुणधर्माविषयी विचारले तरी ती तो जागच्या जागी निर्माण करते. नकली वस्तू मूळ वस्तूप्रमाणेच वागावी, तिच्याकडे नसलेली फंक्शने किंवा चुकीच्या संख्येची आर्ग्युमेंटे तिने स्वीकारू नयेत, यासाठी ‘ऑटोस्पेक’ हा पर्याय आहे. मात्र या पर्यायाच्या नावात एखादे अक्षर अधिक लिहिले गेले, तर साधन त्या नावाचा एक नवा गुणधर्म नकली वस्तूला बहाल करीत असे, आणि संरक्षण मात्र लागू होत नसे. चाचणी उत्तीर्ण होई. चूक शोधण्यासाठी योजलेले साधन स्वतःविषयीच्या चुकीबाबत मौन पाळत असे.

पायथनच्या रचनाकारांनी यावर केलेला उपाय विचार करायला लावणारा आहे. २०१५ सालच्या ३.५ आवृत्तीत ‘असर्ट’ या शब्दाने आणि त्याच्या एका चुकीच्या वर्णक्रमाने सुरू होणारे अनोळखी गुणधर्म मागितल्यास त्रुटी देण्याची सोय झाली. २०२१ सालच्या ३.१० आवृत्तीत ‘ऑटोस्पेक’ची काही ठरावीक चुकीची रूपे पर्याय म्हणून आल्यास ती नाकारण्याची तपासणी जोडली गेली. म्हणजे प्रमाणित लायब्ररीच्या पोटात आता अशुद्धलेखनाची एक छोटी यादी नांदते आहे. हा उपाय उपयुक्त आहे, पण तो अपुराही आहे. कारण माणूस किती प्रकारे चुकेल याची यादी पुरी होत नसते. जी फंक्शने सर्व काही स्वीकारतात, त्यांना पुढे कधीतरी नाकारण्याजोग्या गोष्टी एकेक करून मोजाव्या लागतात. याउलट जी फंक्शने फक्त ओळखीचेच स्वीकारतात, त्यांना अशा यादीची गरजच पडत नाही.

उदार स्वीकाराचे तत्त्व आणि त्याचे क्षेत्र

मौनाच्या समर्थनार्थ एक प्रतिष्ठित तत्त्व सांगितले जाते. इंटरनेटच्या जडणघडणीतील अग्रणी जॉन पोस्टेल यांनी १९८० साली इंटरनेटच्या मूलभूत नियमांचे जे मसुदे संपादित केले, त्यांत पाठवताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार असावे, अशा आशयाची सूचना होती. परस्परांना न ओळखणाऱ्या संस्थांची, वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, त्यात या वृत्तीचा वाटा निश्चितच आहे.

वर्ल्ड वाइड वेबने ही उदारता पुढे नेली. १९९५ साली नोंदवलेल्या एचटीएमएल २.० च्या नियमांनुसार न ओळखलेली खूण वगळून मजकूर दाखवायचा असतो. डिसेंबर १९९६ मध्ये शिफारस म्हणून आलेल्या सीएसएसच्या पहिल्या स्तरानेही अनोळखी गुणधर्म दुर्लक्षित करण्याचा नियम केला. त्याचा लाभ स्पष्ट आहे. आज लिहिलेले पान जुन्या ब्राउझरमध्येही वाचता येते. एखाद्या चौकटीचे कोपरे गोल दिसले नाहीत, तरी मजकूर वाचकापर्यंत पोचतो.

या समर्थनाची अंगभूत गृहीतके मात्र तपासली पाहिजेत. वेबच्या बाबतीत पान लिहिणारा आणि ते दाखवणारा ब्राउझर यांच्यात काळाचे अंतर असते. पान लिहिणाऱ्याला वाचकाचा ब्राउझर निवडता येत नाही. त्रुटी दाखवली तर ती वाचकाला दिसेल, आणि वाचक ती दुरुस्त करू शकत नाही. शिवाय गळालेली गोष्ट बहुधा सजावटीची असते. लायब्ररी-फंक्शनच्या बाबतीत यांपैकी एकही गृहीतक सामान्यतः टिकत नाही. फंक्शन वापरणारा लायब्ररीची आवृत्ती स्वतः निवडतो. चूक कळली तर ती दुरुस्त करू शकणारी व्यक्ती तीच असते, आणि ती त्याच क्षणी पडद्यासमोर बसलेली असते. आणि छाटलेली सरासरी ही साध्या सरासरीची सजावट नव्हे.

वेबच्या क्षेत्रातही ही उदारता नेहमीच सुखाची ठरलेली नाही. ब्राउझरमधील घटनांची दखल घेणाऱ्या ‘अ‍ॅड इव्हेंट लिसनर’ या जावास्क्रिप्ट फंक्शनचे तिसरे आर्ग्युमेंट पूर्वी फक्त ‘सत्य’ किंवा ‘असत्य’ असे होते. पुढे त्या जागी पर्यायांचा संच देण्याची सोय झाली. जुने ब्राउझर असा संच मिळाल्यावर तक्रार न करता त्याला ‘सत्य’ समजत. त्यामुळे मागितलेला पर्याय तर मिळत नसेच, उलट न मागितलेला दुसराच लागू होई. आपला पर्याय ब्राउझर ओळखतो की नाही हे कळण्याचा सरळ मार्ग नव्हता. म्हणून प्रोग्रामरांनी एक युक्ती योजली. पर्यायाच्या जागी कोणी वाचताच नोंद करणारा एक गुणधर्म ठेवायचा, आणि ब्राउझरने तो वाचला का हे पाहायचे. साध्या होकार-नकारासाठी असा सापळा लावावा लागणे ही मौनाची किंमत होय.

इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या वर्तुळातही या तत्त्वाचा पुनर्विचार झाला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९४१३ या दस्तऐवजात, चुका सोसत राहिल्याने त्या रूढ होतात व पुढे नियमांचीच जागा घेतात, असे विवेचन आले आहे. उदारतेचे मूळ क्षेत्रच तिची मर्यादा ओळखत असताना, लायब्ररीकारांनी तिचा आधार घेणे अधिकच कठीण झाले आहे.

मौन मोडण्याची किंमत

येथे एक आक्षेप संभवतो. एखाद्या फंक्शनचे मौन गैर आहे असे लक्षात आले, तर पुढच्या आवृत्तीत त्याला बोलते करावे. त्यात अवघड ते काय? लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा इतिहास या आक्षेपाचे उत्तर देतो. येथील कॉल हे काटेकोर अर्थाने लायब्ररी-फंक्शन नव्हेत. ते सी भाषेच्या लायब्ररीमार्फत गाभ्यापर्यंत पोचतात. परंतु प्रश्न तोच आहे.

फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या कॉलला अनेक पर्याय एकाच अंकाच्या वेगवेगळ्या बिटांमधून दिले जातात. अनोळखी बिट आल्यास ‘ओपन’ तो मुकाट दुर्लक्षित करतो. यामुळे आजवर कित्येक प्रोग्रामांनी नको ते बिट नकळत पाठवले असतील, आणि ते सुरळीत चालतही असतील. उद्या ‘ओपन’ने अनोळखी बिट नाकारायचे ठरवले तर असे प्रोग्राम बंद पडतील; आणि चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सच्या विकासातील दंडक आहे. तसेच त्या बिटाला नवा अर्थ दिला, तर जुन्या गाभ्यावर तो अर्थ हरवतो आणि नव्या प्रोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही.

२०१३ साली ३.११ या आवृत्तीत निनावी तात्पुरती फाइल तयार करण्याचा पर्याय आणताना रचनाकारांनी म्हणूनच आडवाट धरली. नव्या बिटाला त्यांनी ‘ही डिरेक्टरीच असली पाहिजे’ या जुन्या बिटाची जोड दिली, आणि पर्याय वापरताना लिहिण्याची परवानगी मागणे सक्तीचे केले. जुना गाभा नव्या बिटाकडे दुर्लक्ष करतो, पण डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडता येत नसल्याने त्याला त्रुटी द्यावीच लागते. जो सरळ विचारल्यावर बोलत नाही, त्याला बोलते करण्यासाठी त्याला नक्की ठाऊक असलेल्या चुकीचा आधार घ्यावा लागला.

स्मृतीत फाइल जोडणाऱ्या ‘एममॅप’ या कॉलची कथाही अशीच आहे. वीज गेल्यावरही मजकूर टिकवणाऱ्या स्मृतीसाठी लेखनाच्या टिकाऊपणाची हमी देणारा एक पर्याय हवा होता. हमीचा पर्याय मुकाट गळाला तर प्रोग्राम विदा सुरक्षित आहे असे समजून पुढे जाईल. म्हणून जानेवारी २०१८ मधील ४.१५ आवृत्तीत पर्यायांची तपासणी करणारी, न ओळखलेला पर्याय नाकारणारी वेगळी पद्धत सोबत आणावी लागली. ‘ओपन’च्या बाबतीत तर शेवटी मार्च २०२० मधील ५.६ आवृत्तीत नवा कॉलच आला. त्याचे नाव ‘ओपनॅट२’ असून अनोळखी बिट आल्यास तो त्रुटी देतो. एका तपासणीच्या अभावी संपूर्ण कॉल नव्याने रचावा लागला. यावरून निघणारा निष्कर्ष असा की, मौन हा तात्पुरता निर्णय राहत नाही. एकदा लोक त्याच्या आधाराने चालू लागले की तो करारासारखा बंधनकारक होतो. म्हणून बोलायचे की नाही हे पहिल्याच आवृत्तीत ठरवणे आवश्यक ठरते.

विवेकी मौनाचे नमुने

मौन आणि नकार यांच्यात मध्यम मार्गही आहेत, आणि त्यांपैकी काही अत्यंत साक्षेपाने आखलेले आहेत. १९९६ साली आलेल्या पीएनजी या चित्रस्वरूपात फाइल लहान लहान तुकड्यांची बनलेली असते. प्रत्येक तुकड्याला चार रोमन अक्षरांचे नाव असते. नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तर तो तुकडा अत्यावश्यक. तो ओळखता आला नाही तर हे चित्र आपल्याला खात्रीने उलगडता येत नाही, असे वाचणाऱ्या प्रोग्रामने कळवले पाहिजे. पहिले अक्षर लहान लिपीतले असेल तर तुकडा पूरक; तो वगळून पुढे जाता येते. भविष्यात कोणते तुकडे येतील हे १९९६ साली कोणालाच माहीत नव्हते. तरीही अनोळखी तुकड्याबाबत कसे वागावे हे तुकड्याच्या नावातच सांगून ठेवले गेले. सुरक्षित संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स.५०९ प्रमाणपत्रांतही अशीच सोय आहे. ‘निर्णायक’ अशी खूण असलेली जोड ओळखता आली नाही तर प्रमाणपत्र नाकारायचे असते. या दोन्ही रचनांत दुर्लक्षाची परवानगी स्वीकारणारा स्वतःच घेत नाही. ती पाठवणाऱ्याने दिलेली असते.

जीसीसी या कंपायलरचे वर्तन आणखी सूक्ष्म आहे. एखाद्या प्रकारचा इशारा सुरू करण्याची मागणी केली आणि तो प्रकार अस्तित्वात नसेल, तर जीसीसी तसे सांगते. पण अस्तित्वात नसलेला इशारा बंद करण्याची मागणी केली, तर ते गप्प राहते. कारण जो इशारा नाहीच, तो बंदच आहे. मागणी आपोआप पूर्ण झालेली असते. मात्र त्याच वेळी दुसरे काही इशारे किंवा त्रुटी निघाल्या, तर या अनोळखी मागणीचाही उल्लेख केला जातो. त्या परिस्थितीत वापरणारा कारण शोधत असण्याची शक्यता असते. येथे मौन विसरभोळे नाही. योग्य वेळी बोलण्याची तयारी त्यात आहे.

अतिबोलकेपणाचाही विचार करणे न्यायाचे होईल. ‘आर’मधील ‘प्लॉट’ या आलेख काढणाऱ्या फंक्शनला अनोळखी पर्याय दिल्यास एका चुकीसाठी अनेक इशारे मिळतात. ‘प्लॉट’ तो पर्याय अक्ष, चौकट, शीर्षक इत्यादी काढणाऱ्या आतल्या प्रत्येक फंक्शनकडे पोचवते, आणि त्यांतील प्रत्येक जण स्वतंत्रपणे तक्रार करतो. तोच मजकूर पुनःपुन्हा आला की वाचणारा तो न वाचता पुढे जाऊ लागतो, आणि असा गोंगाट मौनाइतकाच निरुपयोगी ठरतो. म्हणून पर्याय पुढे पोचवणाऱ्या साखळीत प्रत्येकाने नव्हे, तर अखेरीस एकानेच, ‘हा पर्याय कोणीही घेतला नाही’ असे सांगावे. ‘आरलँग’मधील तपासणीचे मर्म हेच आहे.

भाषेच्या पातळीवरील तपासणीलाही मर्यादा आहेत. टाइपस्क्रिप्टने २०१५ सालच्या १.६ आवृत्तीत पर्यायांच्या संचातील अनोळखी नावे प्रोग्राम चालण्यापूर्वीच पकडण्याची सोय केली. तथापि ही तपासणी प्रामुख्याने संच जागच्या जागी लिहिलेला असतानाच लागू होते. तोच संच आधी एखाद्या चलात ठेवून मग दिला, तर जास्तीचे नाव अनेकदा तपासणीतून सुटते. म्हणजे साधनांवर संपूर्ण भार टाकून फंक्शनच्या लेखकाला मोकळे होता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून एक निकष मांडता येतो. अनोळखी पर्याय गाळल्यावर उत्तराचा अर्थ बदलतो, परंतु उत्तराचे रूप तेच राहते, अशी स्थिती असेल तर मौन समर्थनीय नाही. सजावट गळाली तर ती दिसते. जीसीसीच्या उदाहरणाप्रमाणे मागणी आपोआप पूर्ण होत असेल तर गळालेच काही नाही. आणि पाठवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर जबाबदारी त्याने घेतलेली आहे. या तीन परिस्थितींच्या बाहेर फंक्शनने थांबावे किंवा निदान एकदा स्पष्ट इशारा द्यावा, हेच योग्य होय.

या प्रश्नाचा महाविद्यालयीन अध्यापनाशी आणि संशोधनाशी निकटचा संबंध आहे. प्रबंधात किंवा शोधनिबंधात ‘टोकाच्या नोंदी छाटून सरासरी काढली’ असे एक वाक्य येते आणि त्याखाली आकडा येतो. वाक्य संशोधकाच्या हेतूविषयी खरे असते; आकडा फंक्शनच्या मौनाचा परिणाम असू शकतो. परीक्षकासमोर मूळ आज्ञा नसतील, तर ही तफावत त्याला दिसण्याचा कोणताच मार्ग नाही. यात कोणाची लबाडी नसते, आणि म्हणूनच लबाडी पकडण्यासाठी योजलेल्या तपासण्यांत ती सापडत नाही. संशोधनात वापरलेल्या आज्ञा निबंधासोबत सादर करण्याचा आग्रह या दृष्टीने औपचारिकतेपुरता राहू नये.

अध्यापनातही काही साध्या सवयी लावता येतील. नवे फंक्शन शिकवताना त्याला मुद्दाम चुकीच्या नावाचा पर्याय देऊन ते बोलते की गप्प राहते, हे विद्यार्थ्यांसमोर तपासावे. महत्त्वाचा पर्याय देऊन आणि न देता अशी दोन्ही उत्तरे काढावीत. जेथे फरक पडायला हवा तेथे तो पडला नाही, तर नावापासून तपासणी सुरू करावी. मोठ्या विदेवर काम करण्यापूर्वी उत्तर हाताने काढता येईल अशा आठ-दहा नोंदींवर तीच आज्ञा चालवून पाहावी. वर दिलेल्या दहा नोंदींचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे: ४.५ अपेक्षित असताना १३ आले, तर विद्यार्थ्याला आज्ञेची ओळ पुन्हा वाचावी लागेल, आणि जादा अक्षर त्याला तेथेच सापडेल.